आमच्याकडे बरोबर दिसतंय

माझ्या खिशातला फोन हा नगरपालिकेचा तक्रार निवारण कक्ष नाही. हे वाक्य मी अलीकडे इतक्या अडनिड्या जागी उच्चारलं आहे की आता ते माझ्या पत्त्याखाली छापून घ्यायला हरकत नाही. न्हाणीघरात, एका गालावर दाढीचा फेस असताना. कचेरीत, आमचे साहेब नवीन वजनकाट्याचं कौतुक करत असताना, टेबलाखाली वाकून. दंतवैद्याच्या खुर्चीत तर तोंडात कापसाचे बोळे असल्यामुळे ते नीट उच्चारताही आलं नाही, आणि फोनवर पलीकडच्या गृहस्थांनी ते संमती म्हणून घेतलं. मी मुळात रागीट माणूस नाही. हे दुसरं वाक्य घरात बोलायची सोय नाही, कारण बायको लगेच आईकडे बघते आणि आई खिडकीकडे बघते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सगळं सुरू झालं ते गटाराच्या झाकणापासून. आमच्या इमारतीच्या फाटकासमोर, अगदी तोंडाशी, गटाराचं एक लोखंडी झाकण होतं. आम्ही राहायला आलो तेव्हापासून होतं, आणि एके सकाळी नव्हतं. झाकण कुणी नेलं, का नेलं, त्याचं पुढे काय केलं, याबद्दल इमारतीत बरेच सिद्धांत मांडले गेले. झाकण मात्र कुणी मांडलं नाही. खाली काळं पाणी, वर गोल आभाळ, आणि मधून आम्ही भिंतीला पाठ घासत एकेक जण फाटकाबाहेर पडायचो. आमचं ठीक आहे हो. माझ्या आईचं काय?

आईला दिसतं कमी. म्हणजे माणूस आला हे कळतं, कोण आला हे त्याने खोकल्याशिवाय कळत नाही. तरी रोज संध्याकाळी ती काठी घेऊन रस्ता ओलांडायची आणि समोरच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसायची. तिथे तिची एक मैत्रीण यायची. आम्ही तिला ‘बाकावरच्या आजी’ म्हणतो. त्या दोघी काय बोलत असतील याचा मला पत्ता नाही, पण घरी आल्यावर आईचा आवाज वेगळा असायचा, मोकळा. झाकण गेलं त्याच दिवशी आईची काठी त्या भोकात गेली आणि मागोमाग एक पाय. बायको मागे होती म्हणून तिने दंडाला धरून वर ओढलं. त्यानंतर आईने एवढंच सांगितलं, “झाकण बसलं की जाईन.” मी म्हटलं हात धरतो, बायको म्हणाली मी धरते, शेजारी म्हणाले उचलून नेऊ. आईने मान हलवली. आमच्या आईने एकदा मान हलवली की ती मान पुन्हा दुसरीकडे हलत नाही. बाकावरच्या आजी चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालतात, त्यामुळे त्या इकडे यायचा प्रश्नच नव्हता. रोज संध्याकाळी त्या बागेच्या कठड्याशी येऊन हात हलवायच्या. आई आमच्या गॅलरीत उभी राहून हात हलवायची, ते बहुतेक वेळा चुकीच्या दिशेला.

त्यात महिन्याअखेरीस बाकावरच्या आजींचा मुलगा त्यांना आपल्या गावी घेऊन जाणार असल्याचं कळलं. कायमचं. आता मला सांगा, या परिस्थितीत एखाद्या जबाबदार मुलाने काय करावं? अर्ज करावा. मी केला. चांगला दोन परिच्छेदांचा, खाली सही, सहीखाली फोन नंबर. हा फोन नंबर घालण्याचा नीटनेटकेपणा मला नडला.

मी अर्ज घेऊन गेलो त्या दिवशी नगरपालिकेची नवी वेबसाइट सुरू होत होती. तक्रारीच्या टेबलावरच्या कारकुनाशेजारी वेबसाइटवाला बसला होता आणि त्याला ‘सेटिंग’ शिकवत होता. वेबसाइटचं नाव काय, रंग कोणता, तक्रारीसाठी कुठला नंबर दाखवायचा, अशा गोष्टी एका पानावर भरायच्या आणि ‘जतन करा’ दाबायचं. कारकुनाने माझा अर्ज न वाचता घेतला, समोर ठेवला आणि मान डोलावली. मला वाटलं, काम झालं. पाठमोरा होऊन दारापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच वेबसाइटवाल्याचा आवाज ऐकू आला, की कुठलाही टाका हो, तात्पुरता. त्या वाक्याशी माझा काही संबंध असेल असं त्या वेळी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या गल्लीतला दिवा दिवसा जळतो आणि अंधार पडला की विझतो. मी म्हटलं, वाईट झालं. त्या म्हणाल्या, वाईट झालं काय म्हणता, माणूस पाठवा. मी नम्रपणे सांगितलं की मी नगरपालिका नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही लोक नेहमी असंच म्हणता. त्यानंतर एकाच्या नळाला पाणी नव्हतं, दुसऱ्याच्या तळघरात होतं. एका गृहस्थांच्या दारात पडलेलं झाड उचलायचं होतं, तर एकांना उभं झाड पाडायचं होतं. या दोघांची गाठ घालून द्यावी असा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे मी कबूल करतो. दुपारपर्यंत फोन इतका तापला की खिशात इस्त्री ठेवल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी एकाला विचारलं, हा नंबर तुम्हाला दिला कुणी? तो म्हणाला, तुमच्या वेबसाइटवर आहे की, सगळ्यात वर, लाल अक्षरांत.

बघितलं. होता. लाल अक्षरांत.

मी तडक नगरपालिकेत गेलो. कारकुनाला आठवत होतं, आणि त्याला त्यात लपवण्यासारखंही काही वाटत नव्हतं. त्यांचा स्वतःचा नंबर टेलिफोन विभागाकडून यायचा होता, जागा रिकामी ठेवली तर पान पुढे सरकत नव्हतं, समोर माझा अर्ज होता, म्हणून माझा नंबर टाकला. तात्पुरता. पण आता खरा नंबर आला असून काल संध्याकाळीच बदलला आहे, असं सांगून त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. मी पाहिलं. पडद्यावर नगरपालिकेचाच नंबर होता. मी खिशातून फोन काढून त्यावर तेच पान उघडलं. त्यावर माझा होता.

कारकुनाने माझ्या फोनकडे एकदा पाहिलं, आपल्या पडद्याकडे एकदा पाहिलं, आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “आमच्याकडे बरोबर दिसतंय.”

ही ओळ मी पुढे इतक्या तोंडांतून ऐकली की तिचा विचार जरी मनात आला तरी माझ्या कानशिलातली शीर उडते. मी म्हटलं, पण लोकांना चुकीचं दिसतंय. तो म्हणाला, मग तुमच्या फोनचा प्रॉब्लेम असेल. मी शेजारच्या रांगेतल्या तिघांना त्यांचे फोन उघडायला लावले. तिघांवरही माझाच नंबर. त्यातल्या एकाने संधी साधून मला त्याच्या कचऱ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. मग कारकून मला साहेबांकडे घेऊन गेला. साहेबांनी आपला पडदा उघडला. त्यांच्याकडेही बरोबर दिसत होतं. ते समंजस चेहऱ्याचे गृहस्थ आहेत, म्हणजे राग यावा तेव्हा तो चेहरा आणखी समंजस होतो. त्यांनी मला सल्ला दिला की तुमची काही तक्रार असेल तर ती अशी तोंडी करून उपयोग नाही, तिची नोंद व्हायला हवी, आणि नोंद फक्त तक्रारीच्या नंबरावर फोन केल्यानेच होते.

“कुठल्या नंबरावर?” मी विचारलं.

“वेबसाइटवर दिला आहे.”

मी तिथेच त्यांच्यासमोर तो नंबर लावला. माझाच फोन, माझाच नंबर. बाईंचा गोड आवाज आला, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती सध्या दुसऱ्या कॉलवर आहे. साहेब म्हणाले, “बघा, चालू आहे लाइन.”

बाहेर येता येता मी झाकणाचं विचारलं. कारकुनाने बोट फिरवून शोधलं आणि माझ्या त्या अर्जापुढे ‘निवारण झाले’ असं दाखवलं. कुणाचं झालं, कधी झालं? तो म्हणाला, नव्या वेबसाइटवर जुने अर्ज चढवताना सगळ्यांना एकदम तेच लागलं असावं, पण आता लागलं म्हणजे लागलं. नोंदीनुसार तुमच्या फाटकासमोर झाकण आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या क्षणी, आणि अजून ती तिथेच आहे.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. माणसाला ताप आला की शेजारी काढे सुचवतात, तसे माझ्या फोनवर सुचवायला लागले. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, नंबर बदला. म्हणायला काय जातंय? हा नंबर बँकेत आहे, डॉक्टरांकडे आहे, कचेरीत आहे, आणि मुख्य म्हणजे आईला पाठ आहे. तिला पाठ असलेला हा एकच नंबर. मी बाहेर असलो आणि तिला काही झालं तर ती बटणं चाचपून हाच फिरवणार. तो बदलायचा आणि नगरपालिकेला द्यायचा? मी प्राध्यापकांना जरा तुटकच उत्तर दिलं. त्याचा त्यांनी राग धरला असावा, कारण दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या नंबरावर त्यांचाच फोन आला. आमच्या खालच्या घरात दिवसभर फोन वाजत असतो, त्याचा बंदोबस्त करा, अशी तक्रार होती. मी म्हटलं, तुमची तक्रार खालच्या घरापर्यंत पोहोचली आहे.

आणखी एकांनी सुचवलं की खड्ड्यात खूण म्हणून काहीतरी उभं करा. मी आमची पाय मोडलेली खुर्ची त्यात उलटी खोवली आणि वर लाल दिसावं म्हणून माझा जुना तांबडा सदरा बांधला. लांबून पाहणाऱ्याला मीच आत पडून हात वर केल्यासारखं दिसे. दोन ओळखीच्यांनी घरी येऊन बायकोची विचारपूस केली.

फोन वाजतच होते. खोटं कशाला बोलू, माझा आवाज चढायला लागला. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांशी मी फारच तोडून बोललो. थोड्या वेळाने त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज थरथरत होता, पण शब्द स्पष्ट. त्यांना तक्रार विभागाविरुद्ध तक्रार करायची होती. तिथे एक अत्यंत उद्धट माणूस बसवलेला आहे. काय म्हणाला तो, मी विचारलं. “मी नगरपालिका नाही असं म्हणाला. मग आम्ही म्हाताऱ्यांनी जायचं कुणाकडे?” मला एकदम आई दिसली, गॅलरीत चुकीच्या दिशेला हात हलवणारी. मी म्हटलं, त्या माणसाची चौकशी करतो. त्यांनी आभार मानले. बायको दारातून ऐकत होती. ती म्हणाली, चौकशी खरंच व्हायला हवी.

त्या रविवारी माझा मेहुणा जेवायला आला. माझा मेहुणा कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि जेवताना तो नेहमीच माझ्या अज्ञानाची कीव करतो. या वेळी मात्र मी त्याला करू दिली. त्याने वेबसाइट उघडली, काहीबाही दाबलं, आणि हसला. मला त्याच्या हसण्याचा राग येतो, पण म्हणाला ते समजलं. म्हणाला, भावजी, सेटिंग ठेवलंय डेटाबेसमध्ये, म्हणजे समजा कपाटात. दर वेळी कुणी वेबसाइट उघडली की कपाट उघडा, नंबर शोधा, दाखवा, यात वेळ जातो. म्हणून कपाटातलं सगळं एकदा उतरवून त्याची एक प्रत फाइलमध्ये ठेवलीय, म्हणजे समजा कपाटाच्या दारावर चिठ्ठी चिकटवली. येणारा जाणारा चिठ्ठी वाचतो. कारकुनाने कपाटातला नंबर बदलला, चिठ्ठी तशीच राहिली.

“मग त्यांना बरोबर कसं दिसतं?”

“त्यांच्याकडे किल्ली आहे ना. पासवर्ड घालून आत गेलेल्या माणसाला चिठ्ठी दाखवतच नाहीत, त्याला थेट कपाट दिसतं.”

मी हातातला घास खाली ठेवला. म्हणजे ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याला चूक कधीच दिसणार नाही, आणि ज्याला चूक दिसते त्याच्या हातात काही नाही. ही व्यवस्था कुणी मुद्दाम बसवायची म्हटली असती तरी इतकी चोख बसली नसती. मेहुणा म्हणाला, यात चिडण्यासारखं काही नाही, नुसती ती चिठ्ठी फाडायची, चुटकीसरशी काम. मी त्याला सोमवारी रजा घ्यायला लावली.

सोमवारी साहेबांच्या खोलीत मी, मेहुणा, कारकून आणि बोलावून घेतलेला वेबसाइटवाला असे जमलो. मला वाटलं होतं, आता चिठ्ठी फाडतील आणि मी घरी जाईन. त्याऐवजी मेहुण्याने वेबसाइटवाल्याला विचारलं, मुळात सेटिंग फाइलमध्ये ठेवलंच का? झालं. वेबसाइटवाला खुर्चीत सरसावला. त्याचं म्हणणं, हजार माणसं आली तर हजार वेळा डेटाबेस उघडायचा का, सर्व्हर आडवा होईल. मेहुण्याचं म्हणणं, नगरपालिकेच्या वेबसाइटवर हजार माणसं येतातच कशाला, आणि एवढ्याशा चौकशीने डेटाबेसला काही होत नाही. वेबसाइटवाला म्हणाला, फाइल जलद. मेहुणा म्हणाला, चुकीचं उत्तर जलद मिळून काय करायचंय? मला हे वाक्य आवडलं, पण मेहुणा तिथे थांबला नाही. दोघं कागदावर चौकोन काढायला लागले. आजाऱ्याच्या उशाशी दोन डॉक्टरांनी औषधशास्त्रावर वाद घालावा आणि आजारी माणसाने दोघांना पाणी आणून द्यावं, तशी माझी अवस्था झाली. पाणी मी खरोखरच आणून दिलं. आणि माझा फोन वाजत होता.

शेवटी मेहुणा म्हणाला, बरं, ठेवा फाइलमध्ये, पण ‘जतन करा’ दाबलं की जुनी प्रत आपोआप पुसली जायला नको का? वेबसाइटवाला शांतपणे म्हणाला, ते दुसऱ्या टप्प्यात आहे. आमच्याकडे पहिल्याच टप्प्याचं काम आहे. मग हाताने पुसा, मी ओरडलो. तो म्हणाला, पुसतो, एक बटण आहे, फक्त साहेबांनी लेखी द्यावं.

साहेबांचा चेहरा समंजस झाला. ते म्हणाले, “ती प्रत म्हणजे नगरपालिकेचा अभिलेख झाला. अभिलेख नष्ट करायचा तर अभिलेख विभागाची मंजुरी लागते.”

अभिलेख विभाग तळमजल्यावर आहे. त्यांनी प्रत पाहिल्याशिवाय मंजुरी देता येत नाही म्हणून ती छापून मागितली. छापली, तर ती खरी कशावरून, म्हणून तिच्यावर साहेबांचा शिक्का मागितला. शिक्का मारला. आता माझा फोन नंबर वेबसाइटवर होताच, शिवाय शिक्क्यासकट कागदावर आला. आणि शिक्का असलेला, वर ‘तक्रारीसाठी’ लिहिलेला कागद पाहून कुणा कर्तव्यदक्ष शिपायाने तो प्रवेशद्वाराच्या फलकावर काचेआड लावून टाकला. मी तो काढायला गेलो तर पहारेकऱ्याने मनगट धरलं. मेहुणा परतीच्या वाटेवर म्हणाला की वेबसाइटवाला हुशार आहे, फक्त त्याचा पाया कच्चा आहे.

मंजुरीचं काही कळेना. माझ्या संसाराची रीत मात्र बदलली. बायकोने फोनशेजारी पेन्सिल ठेवली. कुठल्या खात्यात कुणाला, कुठल्या नंबरावर गाठायचं हे फोन करणाऱ्यांकडूनच आम्हाला कळत गेलं. मी फोन उचलून एकाची तक्रार ऐकायचो, शिव्या गिळायचो, आणि जलविभागाच्या कुठल्यातरी माणसाला फोन लावून त्या शिव्या व्याजासकट परत करायचो. माझ्या आवाजात तेव्हा इतका संताप असायचा की तिकडचा माणूस मला वरचा कुणीतरी अधिकारी समजायचा. दिवसा जळणारा तो दिवा विझला. पडलेलं झाड उचललं गेलं. फक्त आमचं झाकण येईना, कारण ज्याला ज्याला फोन लावावा तो आपल्या पडद्यावर बघून सांगायचा, तुमच्याकडे झाकण आहे.

आणि मग नोटीस आली. सार्वजनिक रस्त्यात खुर्ची व कपडा ठेवून अडथळा निर्माण केल्याबद्दल. नोटीस घेऊन आलेल्या माणसाने माझ्या देखत खुर्ची उपटली, सदऱ्यासकट गाडीत टाकली आणि गेला. मी मागून ओरडलो की अरे, खाली खड्डा आहे, तो दिसत नाही का? तो म्हणाला, त्याला फक्त खुर्चीचं सांगितलंय. मी फाटकाशी उभा राहिलो, आणि कठड्याशी बाकावरच्या आजी उभ्या होत्या. त्यांनी मोठ्याने सांगितलं की उद्या संध्याकाळी निघणार, आईला सांग. मी वर जाऊन सांगितलं. आई हो म्हणाली आणि काठीची मूठ पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो नाही. कुठून तरी फळी आणावी, दगड आणावेत, काहीही करून ते भोक बुजवावं असं ठरवून गॅलरीतून जागा न्याहाळत होतो. एवढ्यात एक पांढरी मोटार कोपऱ्यावरून वळली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर दंतवैद्य आहे, त्याच्याकडे येणाऱ्यांच्या गाड्या फाटकातूनच आत वळतात. मी हात केला, ओरडलोही असेन. पुढचं चाक आत गेलं. असा आवाज झाला की वरचे प्राध्यापकही बाहेर आले. ड्रायव्हर उतरला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मागचं दार उघडून गालाला रुमाल लावलेले एक गृहस्थ उतरले. त्यांनी चाकाकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि खिशातून फोन काढून बोटाने काहीतरी शोधू लागले.

माझा फोन वाजला.

“हॅलो, तक्रार कक्ष? इथे रस्त्यात झाकण नाहीये, माझी गाडी अडकलीय, ताबडतोब कुणाला तरी पाठवा.” दाढ दुखत असली तरी तो आवाज मला ओळखू आला. इतका समंजस आवाज गावात दुसरा नाही. साहेब आज स्वतःच्या पडद्यासमोर नव्हते, रस्त्यावर होते, आणि त्यांच्या हातात किल्ली नव्हती. त्यांनी दारावरची चिठ्ठी वाचली होती, सगळे वाचतात तशी.

मी पत्ता विचारला. त्यांनी सांगितला. मग अगदी त्यांच्याच सुरात म्हणालो, “तिथे खड्डा असणं शक्य नाही. त्या पत्त्यावर निवारण झालेलं आहे.”

“अहो, चाक आत आहे माझं!”

“आमच्याकडे बरोबर दिसतंय.”

साहेबांनी फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं, मग सावकाश मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. मी फोन कानाला लावून तिथेच उभा होतो. मला वाटलं होतं की या क्षणी फार बरं वाटेल. नाही वाटलं. रागच आला. माझ्या आईचा पाय त्या भोकात गेला होता तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता मोटारीचं चाक गेलं तर चहा उकळून गाळेपर्यंत नगरपालिकेचा ट्रक आला. चार माणसं, साखळी, आणि नवंकोरं झाकण. झाकण त्यांच्या गोदामात होतंच. चाक निघालं, झाकण बसलं. साहेबांनी रस्त्यातूनच वेबसाइटवाल्याला फोन करून प्रत पुसायला सांगितलं. मंजुरी, अभिलेख, दुसरा टप्पा, कशाकशाचं नाव निघालं नाही. एक बटण होतं, ते दाबलं गेलं. माझ्या फोनवर पान उघडलं तर लाल अक्षरांत नगरपालिकेचा नंबर. साहेब दंतवैद्याकडे गेले. दाढ काढली असं नंतर कळलं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी मी आईला खाली घेऊन गेलो. सांगत होतो की झाकण बसलंय, मी स्वतः बघितलंय, सगळ्यांनी बघितलंय. तिने माझा हात बाजूला केला. काठी पुढे करून टोकाने शोधलं, लोखंडावर एकदा वाजवलं, पुन्हा जोरात वाजवलं, कान देऊन ऐकलं. मग पाय ठेवला. पलीकडे बाकावरच्या आजी चाकांवर रेलून उभ्या होत्या, मागे सामान भरलेली गाडी आणि घड्याळाकडे बघणारा मुलगा. मी त्या मुलाकडे असं काही पाहिलं की त्याने घड्याळ खिशात घालायचा प्रयत्न केला, आणि ते मनगटावर होतं.

आई निम्म्या रस्त्यात असतानाच माझा फोन वाजला. वेबसाइटवरचा नंबर बदलला तरी लोकांनी माझा आपापल्या फोनमध्ये जपून ठेवला होता, तिथे कुठलं बटण दाबणार? मी दात-ओठ खाऊन तो बंद करायला गेलो. आई थांबली. मागे न वळता म्हणाली, “घे तो. कुणाचं तरी झाकण असेल.”

मी घेतला. अंगावर खेकसूनच विचारलं, बोला, काय नाही तुमच्याकडे?